विद्युत् विच्छेदन

विद्युत् विच्छेदन : एखाद्या पदार्थाच्या विद्रावातून किंवा वितळलेल्या स्थितीतील पदार्थातून एकदिश विद्युत् प्रवाह जाऊ दिला असता त्या पदार्थात रासायनिक बदल घडून येतात व त्याचे घटक वेगळे होतात. या क्रियेस विद्युत् विच्छेदन म्हणतात. ज्या पदार्थाच्या बाबतीत अशी क्रिया होऊ शकते त्यास विद्युत् विच्छेद्य असे नाव आहे. अम्ले, क्षारक (अम्लाशी विक्रिया होऊन लवण देणारे पदार्थ) व लवणे हे विद्युत् विच्छेद्यांचे प्रमुख वर्ग होत. प्रवाह आत नेणारे व बाहेर आणणारे संवाहक म्हणजे विद्युत् अग्रे. विद्युत् घटमालेच्या धन टोकास जोडलेले अग्र ते धनाग्र व ऋण टोकास जोडलेले ते ऋणाग्र.

धातूच्या तारेतून वीज वाहते तेव्हा तार तापते, पण तिच्या द्रव्यात बदल होत नाही. विद्युत् विच्छेद्यातून वीज वाहते तेव्हा मात्र द्रव्याचेच स्थानांतर होते व ते वाहिलेल्या विजेच्या नेमक्या प्रमाणात होते. अंगठीवर चढविलेला सोन्याचा थर असो की कारखान्यात तयार होणारे टनावारी ॲल्युमिनियम, दोहोंचा हिशेब एकाच नियमाने मांडता येतो. या क्रियेचे सर्व औद्योगिक महत्त्व आणि तिच्या अडचणीही या एका गोष्टीतून उद्‌भवतात.

इतिहास : आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी तयार केलेल्या विद्युत् घटमालेची वार्ता इंग्लंडमध्ये पोहोचताच १८०० साली विल्यम निकल्सन (१७५३–१८१५) व अँथनी कार्लाइल (१७६८–१८४०) यांनी तिच्या साहाय्याने पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन या वायूंत विच्छेदन केले. १८०५ मध्ये इटालियन रसायनशास्त्रज्ञ ल्वीजी ब्रून्यातेल्ली (१७६१–१८१८) यांनी चांदीच्या पदकांवर विजेच्या साहाय्याने सोन्याचा थर बसविला. हंफ्री डेव्ही (१७७८–१८२९) यांनी १८०७ मध्ये वितळलेल्या दाहक पोटॅशमधून प्रवाह पाठवून पोटॅशियम व त्यानंतर थोड्याच दिवसांत दाहक सोड्यापासून सोडियम या धातू प्रथमच वेगळ्या केल्या. पुढील वर्षी कॅल्शियम, बेरियम, स्ट्राँशियम व मॅग्नेशियम यांची भर पडली. शतकानुशतके जे पदार्थ अविभाज्य वाटत होते त्यांतून नवी मूलद्रव्ये बाहेर पडल्यामुळे रसायनशास्त्राच्या हाती एक नवे साधन आले.

मायकेल फॅराडे (१७९१–१८६७) यांनी १८३२–३४ या काळात या क्रियेचे परिमाणात्मक नियम शोधून काढले. आयन, धनाग्र, ऋणाग्र इत्यादींसाठी आज रूढ असलेल्या मूळ इंग्रजी संज्ञाही त्यांनीच १८३४ मध्ये विल्यम ह्यूएल (१७९४–१८६६) या विद्वानांच्या सल्ल्याने प्रचारात आणल्या. विद्रावातील लवणाचे रेणू प्रवाह सुरू होण्यापूर्वीच आयनांत विभागलेले असतात, हा सिद्धांत स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांटे अऱ्हेनियस (१८५९–१९२७) यांनी १८८७ मध्ये पूर्णत्वास नेला. त्यास प्रारंभी बराच विरोध झाला. परंतु १९०३ साली त्याच कार्याबद्दल त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

क्रियेचे स्वरूप : मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. ते पाण्यात विरघळले किंवा सु. ८०१° से. तापमानास वितळले म्हणजे त्यातील धन विद्युत् भारित सोडियम आयन व ऋण विद्युत् भारित क्लोराइड आयन हालचालीस मोकळे होतात. घन स्थितीतील मिठात हेच आयन स्फटिकात जखडलेले असल्यामुळे त्यातून वीज वाहत नाही. विद्युत् अग्रे बुडवून प्रवाह सुरू केला की, धन आयन ऋणाग्राकडे व ऋण आयन धनाग्राकडे सरकू लागतात. ऋणाग्रापाशी आयनास इलेक्ट्रॉन मिळतात (क्षपण), तर धनाग्रापाशी आयनाकडून इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात (ऑक्सिडीभवन). अशा रीतीने वितळलेल्या मिठापासून ऋणाग्राशी सोडियम धातू व धनाग्राशी क्लोरीन वायू मिळतो.

मिठाच्या पाण्यातील विद्रावाच्या बाबतीत निराळे घडते. सोडियम आयनापेक्षा पाण्याचे क्षपण सुलभ असल्यामुळे ऋणाग्रापाशी हायड्रोजन वायू सुटतो आणि विद्रावात दाहक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) साठत जातो. अनेक आयन उपस्थित असतील तेव्हा ज्यास कमी विद्युत् दाब लागतो तो प्रथम मुक्त होतो. कोणता पदार्थ मुक्त होईल हे विद्रावाची संहती (विरघळलेल्या पदार्थाचे प्रमाण), तापमान व अग्राचे द्रव्य यांवरही अवलंबून असते. उदा., मोरचूद (कॉपर सल्फेट) विद्रावात प्लॅटिनमचे धनाग्र वापरले, तर त्यापाशी ऑक्सिजन सुटतो व विद्राव हळूहळू फिका पडतो. तांब्याचे धनाग्र वापरले, तर ते स्वतःच विरघळते, तितकेच तांबे ऋणाग्रावर बसते आणि विद्राव होता तसाच राहतो. तांब्याचे शुद्धीकरण व विद्युत् विलेपन या दोन्ही गोष्टी या दुसऱ्या प्रकारावर आधारलेल्या आहेत.

विच्छेदनास आवश्यक असा किमान विद्युत् दाब असतो. पाण्याच्या बाबतीत तो सैद्धांतिक दृष्ट्या १·२३ व्होल्ट आहे. प्रत्यक्षात अग्रांवर वायूचे बुडबुडे तयार होण्यातील अडथळा आणि द्रवाचा रोध यांमुळे बहुधा १·८ ते २ व्होल्ट दाब द्यावा लागतो. हा वाढीव दाब म्हणजे उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा होय. शुद्ध पाणी विजेचे मंद संवाहक असल्याने त्यात थोडे अम्ल किंवा क्षारक मिसळतात.

फॅराडे यांचे नियम : (१) अग्रापाशी मुक्त होणाऱ्या पदार्थाचे वजन विच्छेद्यातून गेलेल्या एकूण विद्युत् भाराच्या सम प्रमाणात असते. (२) निरनिराळ्या विच्छेद्यांतून सारखाच विद्युत् भार गेला, तर मुक्त होणाऱ्या पदार्थांची वजने त्यांच्या तुल्यभारांच्या (अणुभार भागिले संयुजा) प्रमाणात असतात.

एका ग्रॅम-तुल्यभारासाठी लागणारा विद्युत् भार ९६,४८५ कूलंब असून त्यास फॅराडे हेच नाव दिले आहे. (एक ॲम्पिअर प्रवाह एक सेकंद वाहिला म्हणजे एक कूलंब भार जातो.) इतक्या भाराने हायड्रोजन १·००८ ग्रॅ., चांदी १०७·८७ ग्रॅ., तांबे ३१·७७ ग्रॅ. व ॲल्युमिनियम केवळ ८·९९ ग्रॅ. मिळते. चांदी एकसंयुजी व जड, तर ॲल्युमिनियम त्रिसंयुजी व हलके. त्यामुळे एकाच विजेत चांदी बारापट वजनाची पडते.

हे प्रमाण इतके विश्वसनीय आहे की, १९०८ मध्ये लंडन येथील परिषदेत ॲम्पिअर या एककाची आंतरराष्ट्रीय व्याख्याच चांदीवरून करण्यात आली. सिल्व्हर नायट्रेटाच्या विद्रावातून दर सेकंदास १·११८ मिग्रॅ. चांदी निक्षेपित करणारा (साठविणारा) अचल प्रवाह म्हणजे एक ॲम्पिअर, असे ठरले. ही व्याख्या १९४८ पर्यंत प्रचारात होती. २०१९ मध्ये इलेक्ट्रॉनाचा विद्युत् भार व ॲव्होगाड्रो अंक यांची मूल्ये निश्चित ठरविण्यात आल्यामुळे फॅराडेचे मूल्यही आता मोजण्याऐवजी व्याख्येनेच मिळते.

उपयोग : (१) विद्युत् विलेपन : कोल्हापूर शहरातील गुजरी व राजारामपुरी या भागांतील सराफी दुकानांत साज, पैंजणे, तोडे, बांगड्या इ. दागिने मांडलेले दिसतात. हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे. अस्सल सोन्याच्या दागिन्यांबरोबरच तांबे, पितळ किंवा चांदी यांवर सोन्याचा मुलामा दिलेले दागिनेही बाजारात असतात. व्यवहारात त्यास गिलीट असेही म्हणतात. पूर्वी सोने पाऱ्यात कालवून दागिन्यास चोळीत आणि तापवून पारा उडवून लावीत. पाऱ्याची वाफ विषारी असल्याने या पद्धतीत कारागिरांच्या आरोग्याची मोठी हानी होई. १८४० मध्ये इंग्लंडमधील एल्किंग्टन यांनी सोने व चांदी यांच्या सायनाइड विद्रावांतून विलेपन करण्याचे एकस्व (पेटंट) घेतले आणि जुनी पद्धत मागे पडत गेली.

दागिना ऋणाग्रास जोडून पोटॅशियम गोल्ड सायनाइडाच्या विद्रावात लोंबकळत ठेवतात. या विद्रावात सोने साध्या धन आयनाच्या रूपात नसून दोन सायनाइड गटांशी बद्ध अशा ऋण विद्युत् भारित जटिल आयनाच्या रूपात असते. मुक्त सोन्याच्या आयनांची संहती अत्यल्प राहते व त्यामुळेच थर सावकाश, गुळगुळीत व घट्ट बसतो. प्रवाह अधिक ठेवला तर थर काळसर व खरबरीत होतो. दागिन्यावर तेलकटपणा राहिल्यास मुलामा सुटतो. म्हणून विलेपनापूर्वीच्या स्वच्छतेस फार महत्त्व आहे.

या विद्रावात एका कूलंबास सु. २·०४ मिग्रॅ. सोने मिळते. २० चौ. सेंमी. पृष्ठभागाच्या दागिन्यावर अर्ध्या मायक्रोमीटर (मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाइतक्या) जाडीचा थर द्यावयाचा झाल्यास सु. १९ मिग्रॅ. सोने लागेल. एक दशांश ॲम्पिअर प्रवाहाने हे काम दीड मिनिटापेक्षा थोड्या अधिक वेळात पुरे होते. त्याच दागिन्यावर पाच मायक्रोमीटरचा थर हवा असल्यास सोने व वेळ दोन्ही दसपट लागतील. दोन्ही दागिने नवेपणी सारखेच पिवळे दिसतात; पण पहिल्याचा मुलामा अंगाच्या घर्षणाने लवकर झिजतो. मुलाम्याची खरी किंमत रंगावरून ठरत नसून जाडीवरून ठरते, ती यामुळेच.

दागिन्यांखेरीज यंत्रभागांवर गंज रोखण्यासाठी जस्ताचा, झीज रोखण्यासाठी क्रोमियमाचा व तकाकीसाठी निकेलाचा थर देतात. कोल्हापूरजवळील शिरोली व गोकुळ शिरगाव यांसारख्या औद्योगिक वसाहतींत ओतकाम व यंत्रभाग निर्मिती हे मोठे उद्योग असून अशा उद्योगांस विलेपन हा आवश्यक पूरक व्यवसाय असतो. [⟶ विद्युत् विलेपन].

(२) धातूंचे शुद्धीकरण : तांब्याच्या अशुद्ध पत्र्याचे धनाग्र व शुद्ध पत्र्याचे ऋणाग्र करून सल्फ्यूरिक अम्लयुक्त मोरचूद विद्रावात प्रवाह पाठविल्यास ऋणाग्रावर ९९·९९ टक्के शुद्ध तांबे जमते. जस्त, निकेल व लोह ही विद्रावातच राहतात. सोने व चांदी विरघळत नाहीत. ती धनाग्राखाली चिखलासारख्या गाळात साठतात व त्यांपासून वेगळी काढली जातात. चांदीच्या शुद्धीकरणात सिल्व्हर नायट्रेटाचा विद्राव असतो. तेथे धनाग्राभोवती कापडी पिशवी बांधतात. चांदीतील सोने पिशवीत राहते व तांबे विद्रावात उतरते. दागिने घडविताना निघालेला चुरा, कानस व मोडीची चांदी यांतून पुन्हा शुद्ध चांदी मिळविण्यास ही पद्धत उपयोगी पडते. शुद्धीकरणात रासायनिक संयुग फोडावयाचे नसते, धातू केवळ एका अग्रावरून दुसऱ्यावर न्यावयाची असते. म्हणून अवघ्या पाव व्होल्टाच्या आसपासचा दाब पुरतो आणि एक किग्रॅ. तांब्यास साधारण पाव ते अर्धा युनिट (किलोवॉट-तास) वीज खर्ची पडते.

(३) ॲल्युमिनियमाचे उत्पादन : संयुग फोडून धातू मिळवावयाची असते तेव्हा विजेचा खर्च कसा वाढतो, याचे ठळक उदाहरण ॲल्युमिनियमाचे आहे आणि त्याचा कोल्हापूर जिल्ह्याशी निकटचा संबंध आहे. राधानगरी, शाहूवाडी व चंदगड तालुक्यांतील सह्याद्रीच्या माथ्यांवरील सड्यांवर बॉक्साइटाचे साठे आहेत. दीर्घकाळच्या भरपूर पावसाने काळ्या पाषाणातील सिलिका व इतर द्रव्ये धुऊन जाऊन ॲल्युमिनियमाची हायड्रॉक्साइडे मागे राहिली, त्यांपासून हे खनिज झाले. बॉक्साइट दाहक सोड्याच्या विद्रावात तापवून शुद्ध ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड) मिळवितात. मागे तांबडा चिखल उरतो.

ॲल्युमिनाचा वितळबिंदू २,०००° से. पेक्षा अधिक असल्याने ते सरळ वितळवून विच्छेदन करणे परवडत नाही. १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्‌स मार्टिन हॉल (१८६३–१९१४) व फ्रान्समध्ये पॉल एरू (१८६३–१९१४) यांनी परस्परांच्या नकळत एकच उपाय शोधून काढला. वितळलेल्या क्रायोलाइटात (सोडियम व ॲल्युमिनियम यांच्या फ्ल्युओराइडात) ॲल्युमिना विरघळविले की, सु. ९५०°–९६०° से. तापमानास विच्छेदन होऊ शकते. पात्राच्या तळाशी वितळलेली धातू जमते आणि मुक्त होणारा ऑक्सिजन कार्बनाच्या धनाग्रांस जाळून कार्बन डाय-ऑक्साइड तयार करतो. त्यामुळे धनाग्रे वारंवार बदलावी लागतात.

एक किग्रॅ. ॲल्युमिनियमासाठी सु. २,९८० ॲम्पिअर-तास विद्युत् भार लागतो. ही संख्या फॅराडे यांच्या नियमाने ठरलेली असून कोणत्याही कौशल्याने ती कमी होत नाही. कमी करता येतो तो केवळ विद्युत् दाब. पात्रास ४ व्होल्टांहून थोडा अधिक दाब द्यावा लागत असल्याने टनामागे साधारणतः १३,००० ते १५,००० युनिट वीज लागते. वर्षाला ५० हजार टन धातू काढणाऱ्या कारखान्यास रात्रंदिवस सु. ८० मेगावॉट वीज अखंड मिळाली पाहिजे. काही तासांच्या खंडानेही पात्रांतील रस गोठतो व ती पुन्हा चालू करणे अतिशय खर्चाचे होते.

यामुळे ॲल्युमिनियमाचा कारखाना खनिजाजवळ नव्हे, तर स्वस्त विजेजवळ उभा राहतो. १९६२ मध्ये कोयना जलविद्युत् केंद्रातून वीज मिळू लागल्यावर ही वीज व सह्याद्रीतील बॉक्साइट यांची सांगड घालण्याचा विचार झाला. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या भारत ॲल्युमिनियम कंपनीच्या आरंभीच्या योजनांत मध्य प्रदेशातील (आता छत्तीसगड) कोरबाबरोबर कोयना प्रकल्पाचाही समावेश होता आणि त्यासाठी रत्नागिरी येथे जमीन घेण्यात आली. कोरबा येथील कारखाना १९७० नंतरच्या दशकात चालू झाला. रत्नागिरीचा कधीच उभा राहिला नाही. बेळगाव येथे १९७० च्या सुमारास इंडियन ॲल्युमिनियम कंपनीचा कारखाना सुरू होऊन कोल्हापूर जिल्ह्यातील बॉक्साइट तिकडे जाऊ लागले. तेथील विद्युत् विच्छेदन विभाग पुढे बंद पडला. ॲल्युमिना तयार करण्याचे काम मात्र चालू राहिले. खनिज, मनुष्यबळ व तंत्रज्ञान ही सर्व हाताशी असूनही केवळ विजेअभावी धातू दुसरीकडे तयार होते, हे या इतिहासाचे सार आहे.

प्रश्नाला दुसरीही बाजू आहे. राधानगरी अभयारण्य २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत समाविष्ट आहे आणि सड्यांवरील जांभ्याच्या थरात मुरलेले पाणी उतारावरील झऱ्यांना पुरते. त्यामुळे खाणकामाची मर्यादा हा वादाचा विषय झाला आहे. जुने ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरण्यास मूळ ऊर्जेच्या सु. पाच टक्केच ऊर्जा लागते. विच्छेदनात एकदा खर्ची पडलेली वीज जणू धातूत साठून राहते. म्हणून मोडीच्या ॲल्युमिनियमास भंगारात चांगली किंमत मिळते.

(४) दाहक सोडा व क्लोरीन : मिठाच्या संपृक्त विद्रावाच्या विच्छेदनाने ही दोन्ही रसायने एकाच वेळी मिळतात. एक टन दाहक सोड्याबरोबर सु. ८८० किग्रॅ. क्लोरीन व २५ किग्रॅ. हायड्रोजन तयार होतो. क्लोरीन व दाहक सोडा एकत्र आल्यास त्यांची विक्रिया होते. म्हणून ते अलग ठेवणे ही या उद्योगाची मुख्य समस्या आहे. १८९२ पासून प्रचारात आलेल्या कास्टनर-केल्नर घटात ऋणाग्र पाऱ्याचे असे. त्यातून पाण्यात व हवेत जाणारा पारा धोकादायक असल्याने भारतीय उद्योगाने हे घट सोडून दिले व केवळ धन आयनांना वाट देणारी कृत्रिम पटले असलेले घट स्वीकारले. दाहक सोडा साबण, कागद व ॲल्युमिना यांच्या निर्मितीत, तसेच इचलकरंजीसारख्या वस्त्रोद्योग केंद्रांत सुती कापडावरील प्रक्रियांत वापरतात. नगरांचे पिण्याचे पाणी जंतुरहित करण्यास क्लोरीन लागतो.

(५) हायड्रोजन : पाण्याच्या विच्छेदनाने शुद्ध हायड्रोजन मिळतो. एक किग्रॅ. हायड्रोजनास व्यवहारात ५० युनिटांहून अधिक वीज लागत असल्याने नैसर्गिक वायूपासून तो मिळविणे दीर्घकाळ स्वस्त ठरले. सौर व पवन ऊर्जेपासून मिळणारी वीज वापरून कार्बन डाय-ऑक्साइड न सोडता हायड्रोजन बनविण्यासाठी केंद्र शासनाने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मान्यता दिली. २०३० पर्यंत वर्षाला किमान ५० लक्ष टन उत्पादनक्षमता हे त्याचे उद्दिष्ट आहे.

(६) अर्धसंवाहकांचे पातळ थर : राजारामपुरीपलीकडे शहराच्या बाहेरच्या बाजूस असलेल्या शिवाजी विद्यापीठात (स्थापना १९६२) विद्युत् निक्षेपणाने अर्धसंवाहकांची तनुपटले बनविण्यावर बरेच संशोधन झाले आहे. येथील सी. डी. लोखंडे व एस. एच. पवार यांनी लिहिलेला या विषयावरील आढावा १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निर्वात यंत्रणेऐवजी साधे काचपात्र, तीन अग्रे व नियंत्रित विद्युत् दाब एवढ्या सामग्रीवर सौर घटांना उपयोगी पडतील असे थर मिळविता येतात, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय. तत्त्वतः ही क्रिया मुलाम्याच्या क्रियेहून भिन्न नाही. थराची जाडी दोन्हीकडे कूलंबांवरूनच ठरते.

दक्षता : विलेपनाच्या लहान कारखान्यांतील सांडपाणी हा या तंत्राचा सर्वांत धोक्याचा भाग आहे. सायनाइडयुक्त पाण्यात अम्ल मिसळल्यास हायड्रोजन सायनाइड हा प्राणघातक वायू सुटतो. म्हणून सायनाइडाच्या व अम्लाच्या टाक्या आणि त्यांची गटारे वेगवेगळी ठेवावी लागतात. सायनाइडयुक्त पाणी अल्कधर्मी करून हायपोक्लोराइटाने त्याचा नाश करतात. क्रोमियम विलेपनातील षट्संयुजी क्रोमियम कर्ककारक आहे. अम्लीय विद्रावात सोडियम बायसल्फाइटाने त्याचे कमी विषारी त्रिसंयुजी रूपात क्षपण करून मग चुन्याने अवक्षेपण करतात व उरलेला गाळ सुरक्षित जागी पुरावा लागतो. हे उपचार तंत्रदृष्ट्या अवघड नाहीत. पण ते न करता सोडलेले पाणी नदीनाल्यांत व विहिरींत उतरते आणि त्यातील धातू कालांतराने आपोआप नाहीशा होत नाहीत. फॅराडे यांच्या नियमाने अग्रावर बसलेल्या धातूचा हिशेब जितका काटेकोर ठेवता येतो, तितकाच काटेकोर हिशेब विद्रावात मागे राहिलेल्या धातूचाही ठेवणे आवश्यक असते.